नकोशीची लाथ

नकोशीनं बारामतीत खताच्या दुकानावरचा हॉल योगाच्या क्लाससाठी घेतला, तेव्हा पहिली पाटी लावली ती क्लासच्या नावाची नव्हती. ‘इथे लाथ मारली जाणार नाही’, एवढंच त्या पाटीवर होतं. बाहेरगावचा माणूस ती वाचून बिचकायचा. योगाच्या क्लासात लाथेचं काय काम, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. तिच्या माहेरचा, कन्हेरीचा माणूस मात्र ती वाचून जिन्यातच हिरमुसायचा, कारण बऱ्याचदा तो लाथ खायलाच आलेला असायचा.

नकोशी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून सगळी माणसं डोक्याकडून येतात, ही पायाकडून आली. आता पायाळू माणसाच्या पायात गुण असतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पाठीत उसण भरली, कंबर धरली, की पायाळूच्या दारात जायचं, पालथं पडायचं आणि त्यानं पाठीवर लाथ हाणली की उठून घरी यायचं. डॉक्टर लोक हसतात. हसू देत बापडे. स्वतःची कंबर धरली की त्यांच्यातलाही एखादा अंधार पडल्यावर गाडी लांब लावून पायाळूचं घर विचारत येतोच.

बाप गेणबा. एकेकाळी मेंढरं हिंडवणारं घर, पुढं थोडीफार शेती झाली, ऊस आला, मेंढरं गेली आणि चार शेळ्या तेवढ्या उरल्या. ही झाली तेव्हा गेणबा मेंढरं घेऊन लांब गेलेला. परत आला तर कळलं, तीन पोरींवर चौथीही पोरगीच. त्यानं पाळण्यात डोकावून बघितलंसुद्धा नाही. ‘हिचं नाव नकोशी ठिवा,’ म्हणाला आणि मेंढरांना पाणी दाखवायला निघून गेला. असं नाव ठेवलं की देव समजून घेतो आणि पुढच्या खेपेला पोरगा देतो म्हणतात. देवानं काहीसुद्धा समजून घेतलं नाही. पोरगा झाला नाही, आणि हिचं नाव मात्र शाळेच्या दाखल्यापासून आधार कार्डापर्यंत जन्माला चिकटलं.

आणि गंमत बघा, घराला नको असलेली ही पोरगी गावाला एकदम हवीहवीशी झाली. तिला नीट चालता येत नव्हतं तेव्हापासून लोक पाठी घेऊन दारात हजर. आई कुशाबाई तिला काखेत धरायची आणि पालथ्या पडलेल्या माणसाच्या कमरेवर तिचे पाय टेकवायची. पोरगी खिदळायची आणि खालचा माणूस ‘आई गं’ म्हणून सुखानं कण्हायचा. मोठी झाल्यावर ती आपली आपण लाथा मारायला लागली. कोण गूळ आणायचा, कोण नारळ. कुशाबाईनं त्या वर्षांत नारळ कधी विकत आणला नाही.

तोटेही होते. आभाळात गडगडलं की शाळेत तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही, कारण वीज म्हणे पायाळूला हुडकत येते. गुरुजी सुशिक्षित, त्यांचा असल्यावर विश्वास नव्हता. ते फक्त तिला दाराजवळ बसवायचे आणि स्वतः फळ्याच्या पार पलीकडं जाऊन उभे राहायचे. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं, हेही एक. एका चुलत्यानं तिला भर उन्हात रानात नेऊन उभं केलं आणि विचारलं, ‘पोरी, खाली काय दिसतंय?’ ती म्हणाली, ‘ढेकळं.’ चुलत्यानं पुन्हा कधी तिला लिमलेटची गोळी दिली नाही.

पण लाथा मारता मारता पोरीच्या ध्यानात एक गोष्ट आली. पालथा पडलेला माणूस, मग तो पैलवान असो नाहीतर पाटील, पाय पाठीला लागला की श्वास कोंडून धरतो. सगळी पाठ लाकडागत होते. त्या लाकडावर लाथ मारली तर काही म्हणजे काही होत नाही. म्हणून ती पाय उचलून नुसती थांबायची. ‘मार की,’ खालचा ओरडायचा. ही गप्प. शेवटी कंटाळून तो श्वास सोडायचा, पाठ सैल पडायची, आणि मग ही पाय टेकवल्यासारखं करायची. ‘काय लाथ हाय पोरीची,’ म्हणत तो नारळ ठेवून जायचा. हिला मनातून माहीत होतं की आपण काहीच केलेलं नाही. पण गूळ गोड होता, त्यामुळं ती बोलली नाही.

एक पाठ मात्र तिच्या पायाखाली कधी आली नाही. बापाची. आणि घरात सगळ्यात मोडकी कंबर त्याचीच. उभा जन्म खांद्यावर कोकरं वाहिलेली, मिळेल तिथं उघड्यावर झोपलेला. महिना दोन महिन्यांनी त्याची कंबर धरायची, की तो भिंतीकडं तोंड करून पडायचा आणि कुशाबाई तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकत बसायची. नकोशी उंबऱ्यात उभी राहायची. दारात गावची माणसं लाथेसाठी ताटकळलेली आणि ही आत बघत, की आबा आता हाक मारतील. आबांनी हाक मारली नाही. तिला लई वाईट वाटायचं. पाठ दाखवायलासुद्धा आपण नको, असं तिनं मनात धरलं आणि ते तिथंच राहिलं.

पुढं लग्न झालं. नवरा राम एमआयडीसीत कामाला, स्वभावानं गरीब, बायकोच्या पायाबद्दल त्याला एकच शंका होती आणि ती त्यानं पहिल्याच दिवशी विचारून घेतली, की हे घरातल्या माणसांवर चालवत नाहीस ना. हीसुद्धा एमआयडीसीत एका दूध कंपनीत पॅकिंगला लागली. दिवसभर उभं राहून बायकांच्या कमरांची वाट लागायची, म्हणून कंपनीनं योगाचं शिबिर ठेवलं. पुण्याचे एक सर आले. पांढरे कपडे, आवाज लोण्यासारखा. त्यांनी सगळ्यांना पालथं झोपवलं आणि म्हणाले, ‘आता श्वास सोडा.’ नकोशी ताडकन उठून बसली. आपण जे लहानपणापासून फुकट, फार तर गुळावर करत आलो, त्याचंच हा माणूस पांढरे कपडे घालून शिबिर घेतो म्हणजे काय.

तिनं पुण्याला जाऊन रीतसर कोर्स केला. तिथं पहिल्या दिवशी प्रत्येकानं योगाकडं का वळलो ते सांगायचं होतं. कुणी म्हणालं मनःशांतीसाठी, कुणी म्हणालं स्वतःच्या शोधात. हिची पाळी आली तेव्हा ही म्हणाली, ‘लाथा मारून कंटाळा आला.’ सरांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले. शवासनात बासरीची टेप लागली की ही घोरायची, आणि ‘शरीराशी संवाद साधा’ म्हटलं की हिला हसू यायचं. पहिल्या परीक्षेत ती संस्कृत नावांत नापास झाली. दुसऱ्या वेळी पाठ करून गेली, पास झाली आणि बारामतीच्या एसटीत बसल्या बसल्या निम्मी विसरली.

तर असा तो खताच्या दुकानावरचा क्लास. उदबत्ती नाही, तिची गरजही नाही, खालून युरियाचा वास येतो तो पुरतो. सकाळी बंगल्यांतल्या बायका, संध्याकाळी एमआयडीसीतून मोटारसायकलवरून आलेले कामगार. नकोशीची शिकवणूक साधी. ओम ज्याला म्हणायचाय त्यानं घरून म्हणून यावं. आसनाचं नाव विचारू नये. ‘मेंढरू उठताना कसं मागचं आधी उचलतं, तसं उचला,’ असं ती सांगते, आणि ज्यांनी जन्मात मेंढरू उठताना बघितलं नाही त्या बंगल्यातल्या बायका एकमेकींकडं बघत मागचं उचलतात. शवासनाला ती म्हणते, ‘मेल्यागत पडा. आन मेलेलं माणूस व्हॉट्सॲप बघत न्हाय.’

लाथ मात्र तिनं बंद केली ती केलीच. कारण तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की लाथेनं माणूस आळशी होतो. ‘कंबर तुमची, पोट तुमचं वाढलेलं, आन घाम मी गाळायचा व्हय?’ असं ती तोंडावर विचारायची. लोक नाराज झाले. राजलक्ष्मी म्हणून एक बाई सकाळच्या क्लासला येतात, मोठ्या बंगल्यातल्या, ‘नकोशी’ म्हणायला त्यांची जीभ धजत नाही म्हणून नुसतं मॅम म्हणतात. त्या एकदा क्लास सुटल्यावर मागं राहिल्या, दार लोटून घेतलं आणि गपकन पालथ्या पडल्या. ‘मॅम, एकदाच. कुणाला सांगणार नाही.’ नकोशीनं त्यांना हाताला धरून उठवलं आणि पाटी दाखवली. राजलक्ष्मीबाईंना पाटी रोज येताजाता दिसत होतीच. त्या म्हणाल्या, ‘मला वाटलं ती इतरांसाठी आहे.’

आणि गेल्या हिवाळ्यात, कारखान्याची ऊसतोड ऐन भरात असताना, गेणबानं बोकड उचलला. सत्तरीच्या पुढचा माणूस. बोकड बाजाराला न्यायला आलेला पिकअपवाला म्हणत होता, आबा थांबा, मी चढवतो. पण मेंढपाळाचा अभिमान. उचलला, पिकअपमध्ये टाकला, आणि तिथंच काटकोनात अडकला. बोकड राहिला बाजूला, गेणबालाच दोघांनी उचलून घरात आणलं. इंजेक्शन झालं, पट्टा झाला, मलमाच्या तीन जातीच्या ट्यूबा झाल्या. वीट तर रोजचीच. नकोशी भेटायला गेली, म्हणाली, ‘आबा, जरा पालथं पडा, मी बघते.’ गेणबानं भिंतीकडं तोंड केलं. ‘तुझा क्लास बुडंल, जा,’ म्हणाला. नकोशी स्कूटीवर बसून बारामतीला परत आली ती वाटभर स्वतःशीच भांडत.

मग एका सकाळी क्लास चालू असताना कुशाबाईचा फोन आला. बायका नुकत्याच शवासनात गेलेल्या.

‘तुला सांगू नको म्हणला हुता,’ कुशाबाई म्हणाली, ‘पर सांगती. तुझा बा पिकअपमधून इंदापूरकडं गेलाय.’

‘ह्या कमरंनं? कशाला?’

‘लाथ खायला. तिकडं सोनबा म्हणून म्हातारा पायाळू हाय, त्येच्याकडं.’

नकोशीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या खानावळीत जन्मात न जेवलेला बाप पलीकडच्या खानावळीत ताट मागायला गेला, तर खानावळवाल्याला काय वाटेल, ते तिला वाटलं. वर तिनं स्वतः लाथ बंद केलेली, म्हणजे रागवायचा हक्कसुद्धा नीट शिल्लक नाही. पण राग कुठं हक्क विचारून येतो. तिनं बायकांना सांगितलं, ‘पडून राहा, मी आलेच,’ आणि जिना उतरून स्कूटीला किक मारली.

इंदापूरच्या रस्त्याला उसाच्या ट्रेलरमागं ट्रेलर. एकाला ओलांडावं तर पुढं दुसरा, आणि मागं लोंबणारी वाढी, म्हणजे उसाचे शेंडे, तोंडावर. बरंच अंतर गेल्यावर फोन वाजला. राजलक्ष्मीबाई हळू आवाजात विचारत होत्या, ‘मॅम, आम्ही उठू का?’ तेव्हा कुठं हिला आठवलं की आपण बायकांना मारून ठेवून आलोय. ‘उठा आन घरी जावा,’ ती म्हणाली आणि पुन्हा ट्रेलरच्या मागं लागली.

सोनबाची वस्ती इंदापूरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. अंगणात बाभळीखाली पोतं अंथरलेलं आणि त्यावर गेणबा पालथा, पटका बाजूला काढून ठेवलेला. पिकअपवाला लांब बांधावर मोबाइल बघत बसलेला. सोनबा, ऐंशीच्या घरातला वाळका म्हातारा, एका हातानं बाभळीचं खोड धरून उभा होता, आणि त्याचा उजवा पाय जमिनीपासून जेमतेम वर आला होता, पुढं येत नव्हता, मागं जात नव्हता.

‘काय चाललंय हितं?’ नकोशी म्हणाली.

गेणबानं आवाज ओळखला आणि तोंड पोत्यात आणखी खुपसलं.

‘कोण, कन्हेरीची पायाळू का?’ सोनबा म्हणाला. ‘लई बरं झालं आलीस. अगं, माझीच कंबर धरलीया. पाय वर येईना. ह्याला मघाधरनं नुसता पाडून ठिवलाय.’

‘मग तात्या, सांगायचं की तसं.’

‘लांबनं आलाय. म्हणलं बघू, उचलला तर उचलला. पायाळूला सोताची लाथ सोताला मारता येत न्हाय, हीच आपल्या जातीची खोड हाय बघ.’ एवढं बोलून सोनबानं खोड सोडलं, कण्हत कण्हत खाली बसला आणि गेणबाच्या शेजारी पोत्यावर पालथा झाला. ‘आता आलीच हायस तर आधी मला मार. मी वयानं वडील हाय.’

दोन म्हातारे शेजारी शेजारी पालथे. नकोशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सोनबाकडं तिनं बघितलंच नाही.

‘आबा,’ ती म्हणाली, ‘सगळ्या कन्हेरीच्या पाठी माझ्या पायाखालनं गेल्या. आल्यागेल्या पाव्हण्यांच्या गेल्या. तुमची एक तेवढी न्हाय. मी उंबऱ्यात हुबी ऱ्हायची, तुमी भिताडाकडं तोंड करायचा. आन आज परक्याची लाथ खायला बोकडाच्या गाडीतनं हितवर आला. मी काय मेले हुते?’

सोनबानं मान वळवून गेणबाला कोपरानं ढोसलं.

‘बोल की गड्या. पालथा हायस, तिचं तोंड दिसत न्हाय. असं बोलायला सोपं जातं.’

गेणबानं खाकरून घशातली धूळ काढली. मग पोत्यालाच सांगावं तसं बोलायला लागला. ‘तुझं नाव म्या ठिवलं. तुला बघितली बी नव्हती, नाव ठिवलं आन मोकळा झालो. मग मागनं समदा गाव तुझ्या पाया पडाय लागला. आता ज्या पोरीला नगं म्हणलो, तिलाच हाक मारून म्हणायचं, बाई, माझी तेवढी पाठ बघ... लाज वाटायची.’

‘आन आता वाटत न्हाय?’

‘वाटती. पर कंबर लई दुखतीया.’

सोनबा फिसकन हसला आणि हसण्यानं त्याच्या पाठीत पुन्हा कळ आली, तेव्हा तो शिव्या देत गप्प झाला.

नकोशीला पाटी आठवली. राजलक्ष्मीबाई आठवल्या, दार लोटून पालथ्या पडलेल्या. मग तिला आठवलं की पाटी बारामतीत आहे आणि आपण इंदापूरच्या हद्दीत. तिनं चप्पल काढली. ओढणी कमरेला खोचली. उजवा पाय उचलून बापाच्या कमरेवर ठेवला. सदऱ्याखाली मणके हाताला लागावेत तसे तळपायाला लागले. एवढा वाळलाय हे तिला माहीत नव्हतं.

पाय लागल्याबरोबर गेणबानं श्वास कोंडला, पैलवानानं आणि पाटलानं कोंडला होता तसाच. सगळी पाठ ताठ.

‘श्वास सोडा, आबा.’

‘मार की.’

‘सोडल्याबिगर मारत न्हाय.’

गेणबा हट्टी. नकोशी त्याचीच पोरगी. ती पाय उचलून उभी राहिली, आणि एका पायावर उभं राहायची इतक्या वर्षांची सवय त्या दिवशी खरी कामाला आली. पिकअपवाल्यानं मोबाइल खाली ठेवून बघायला सुरुवात केली. सोनबा हळूच म्हणाला, ‘सोड रं बाबा, माझी पाळी कवा यायची.’ मग गेणबाच्या तोंडून श्वास सुटला, मोठा, आवाज करत, मधेच अडखळलेला, आणि पाठ खाली बसली. नकोशीनं लाथ मारली. बेतानंच मारायची होती, पण जरा जोरात बसली. इतकी वर्षं राखून ठेवलेली, तिचा तरी काय इलाज.

गेणबा हुंकारला. नकोशी वाकून म्हणाली, ‘सुटली का?’

‘न्हाय. कंबर हाय तशीच हाय.’ पण तो उठला नाही. तोंड पोत्यातच ठेवून थोडा वेळ पडून राहिला. मग म्हणाला, ‘आजून एक मार.’

नकोशीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती चिडलेल्या आवाजात म्हणाली, ‘मारते. पर सोमवारधरनं क्लासला यायचं. रोज. तितं लाथ मिळत न्हाय, सांगून ठिवते.’

‘यीन की,’ गेणबा म्हणाला. ‘तू आधी मार.’

नकोशीनं ओढणीनं डोळे पुसले आणि पाय उचलला. गेणबानं या खेपेला सांगायच्या आतच श्वास सोडला.